'विनयभंगा'तला विनय कोणाचा?

प्रश्न असा आहे: विनय म्हणजे नम्रता, तर मग 'विनयभंग' हा लैंगिक गुन्हा कसा झाला? आणि विनयभंग, लैंगिक छळ, अत्याचार, अतिप्रसंग, बलात्कार हे शब्द बातमीत एकमेकांच्या जागी वापरलेले चालतात का?

दुसऱ्या भागाचं उत्तर आधी देतो: चालत नाहीत. विनयभंग, लैंगिक छळ आणि बलात्कार या तिन्हींमागे फौजदारी कायद्याची वेगवेगळी कलमं आणि वेगवेगळ्या शिक्षा आहेत. अत्याचार आणि अतिप्रसंग यांचं तसं नाही, त्यांच्याकडे नंतर येतो.

आता विनय. १८६० च्या भारतीय दंड संहितेत विनयभंगाचं कलम ३५४ होतं. तिथल्या 'मॉडेस्टी' या इंग्रजी शब्दासाठी हिंदीने 'लज्जा' घेतला आणि मराठीने 'विनय'. मराठीची निवड मला अधिक चांगली वाटते. विनय हा 'वि' उपसर्ग आणि 'नी' धातू यांपासून झालेला शब्द. मूळ अर्थ वळण, शिस्त, आचाराची मर्यादा. बौद्ध भिक्खूंच्या आचारनियमांना विनयपिटक म्हणतात ते याच अर्थाने. 'विद्या विनयेन शोभते' घोकून घोकून आपल्याकडे नम्रता तेवढी उरली.

पण मर्यादा कोणाची? शाकुंतलाच्या पहिल्या अंकात भुंगा शकुंतलेला त्रास देतो, तेव्हा दुष्यंत पुढे येऊन विचारतो, पौरव राजा राज्य करत असताना हा कोण 'आचरत्यविनयं मुग्धासु तपस्विकन्यासु'? म्हणजे भोळ्या आश्रमकन्यांशी अविनयाने वागणारा हा कोण? इथे विनय सुटला आहे तो त्रास देणाऱ्याचा. मुलींच्या विनयाला काहीही झालेलं नाही. कायद्याच्या भाषेत मात्र नेमकं उलटं झालं. वागणूक पुरुषाची, आणि भंग पावतो तो स्त्रीचा विनय. त्यामुळे तिच्यापाशी तो मुळात होता का, हा प्रश्न कोर्टात उभा राहू शकला.

तसा तो राहिलाही. पंजाबातल्या एका खटल्यात पीडित होती साडेसात महिन्यांची मुलगी. एवढ्या लहान बाळाला लज्जेची जाणीवच नसते, म्हणून हे कलम लागू होत नाही, असं उच्च न्यायालयाने धरलं होतं. १९६६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने तो निकाल फिरवला. स्त्रीत्व जन्मापासूनच असतं, वयाचा किंवा समजेचा संबंध नाही, असं सांगितलं. निकाल योग्यच होता, पण तिथवर जावं लागलं ते शब्दाचा रोख चुकीच्या माणसावर असल्यामुळे.

२०१३ च्या दुरुस्तीने हा रोख बऱ्याच अंशी बदलला. न्यायमूर्ती वर्मा समितीच्या अहवालानंतर लैंगिक छळ, विवस्त्र करणं, चोरून पाहणं किंवा चित्रण करणं, पाठलाग करणं हे स्वतंत्र गुन्हे झाले. या प्रत्येक नावात आरोपीने काय केलं ते सांगितलेलं आहे. १ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. तिच्यात विनयभंग कलम ७४ मध्ये आहे, लैंगिक छळ ७५ मध्ये, पाठलाग ७८ मध्ये. म्हणून अंगाला हात न लावता केलेल्या अश्लील मागणीला सरसकट 'विनयभंग' म्हणू नये. ७४ साठी हल्ला किंवा बलप्रयोग लागतो.

या फरकाचं मोल नागपुरात दिसलं. बारा वर्षांच्या मुलीच्या प्रकरणात जानेवारी २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने म्हटलं की कपड्यांवरून केलेला स्पर्श हा पॉक्सोखालचा, म्हणजे बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या कायद्याखालचा, लैंगिक हमला नाही, तो विनयभंग आहे. पॉक्सोच्या त्या कलमाखाली किमान तीन वर्षं, विनयभंगाला किमान एक. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे मत रद्द केलं आणि लैंगिक हेतू महत्त्वाचा, त्वचेला त्वचा लागणं नव्हे, असं स्पष्ट केलं.

'बलात्कार' मध्ये 'बलात्' ही पंचमी आहे: बळाने केलेलं. संस्कृतात आणि जुन्या मराठी गद्यात तो कोणत्याही सक्तीला चाले, 'बलात्काराने धर्मांतर' हा प्रयोग पुष्कळांनी वाचला असेल. पुढे शब्द एकाच गुन्ह्यापुरता आकसला, पण त्यातलं 'बळ' डोक्यात राहिलं आणि झटापट, ओरखडे, आरडाओरडा नसेल तर बलात्कार कसला, अशी समजूत झाली. कायद्याची व्याख्या बळावर उभी नाही, संमतीवर उभी आहे.

हे ठसायला मराठी मुलखातलंच प्रकरण कारण झालं. १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या देसाईगंज पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर पोलिसांनी बलात्कार केल्याची तक्रार झाली. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडताना संभोग आणि बलात्कार यांत जमीनअस्मानाचा फरक असल्याचं म्हटलं. उच्च न्यायालयाने भीतीपोटी निमूट सोसणं म्हणजे संमती नव्हे असं ठरवून शिक्षा दिली. १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली, अंगावर जखमा नसल्याचा आधार घेऊन. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या अभ्यासकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. संमतीत शरणागती असते, पण प्रत्येक शरणागतीत संमती नसते, हा त्यातला गाभ्याचा मुद्दा. १९८३ मध्ये कोठडीतल्या बलात्कारासाठी कायदा बदलला. २०१३ मध्ये संमती म्हणजे स्वेच्छेने दिलेला निःसंदिग्ध होकार, आणि केवळ प्रतिकार केला नाही म्हणून संमती होत नाही, हे कलमातच आलं. 'मौनं संमतिलक्षणम्' हे वचन लग्नाच्या बोलणीत कोणी वापरो, या कलमासमोर ते टिकत नाही.

राहिले दोन शब्द. 'अत्याचार' कायद्यात आहे, पण अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात, आणि तिथे त्याचा अर्थ बराच व्यापक आहे. बातमीत नुसतं 'अत्याचार' लिहिलं तर मारहाण की बलात्कार, कळत नाही. 'अतिप्रसंग' हा मूळचा तर्कशास्त्रातला शब्द, नियम नको तिथे लागू होणं हा त्याचा अर्थ. आता त्याच्याआड गुन्हा झाकला जातो. 'अब्रू लुटली' तर हद्दपारच करावं, कारण लुटलेल्याची अब्रू जाते असं ते धरून चालतं.

सध्या एका मथळ्याकडे विशेष लक्ष द्यावं: 'लग्नाचे आमिष दाखवून बलात्कार'. न्याय संहितेच्या कलम ६९ ने, पाळण्याचा हेतू नसताना लग्नाचं वचन देऊन ठेवलेला शरीरसंबंध बलात्काराहून वेगळा गुन्हा केला आहे, दहा वर्षांपर्यंत शिक्षेचा. त्यामुळे गुन्हा बलात्काराच्या कलम ६४ खाली नोंदला आहे की ६९ खाली, हे पाहून मगच मथळा लिहावा.