गुण आला, पण कशानं?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेलं माहितीपत्रक दोनदा वाचलं. दोन दिवसांचं निवासी शिबिर, माणशी १८ हजार रुपये, ‘शरीरात अडकलेला आघात मुळासकट बाहेर’, आणि खाली बारीक अक्षरांत ‘गोळ्यांपासून कायमची सुटका’. तुमच्या आधारगृहातली एक जण जाऊन आली, तिला आता झोप लागते, म्हणून विश्वस्तांना आणखी पाच जणींना पाठवायचंय. तू विचारतेस, यात तथ्य आहे का? आणि नसेल तर तिला गुण कसा आला?

दुसरा प्रश्न जास्त चांगला आहे. त्याचं उत्तर मला माझ्याच चुकीतून कळलं, म्हणून आधी ती सांगते.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून लोक उशिरा निजलेले. पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि किल्लारी-सास्तूरकडच्या जाड दगडमातीच्या भिंती झोपलेल्यांच्या अंगावर आल्या. मी तेव्हा पंचविशीत होते, समाजकार्याची पदवी नुकतीच हातात पडलेली. पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा बायकांना गोल करून बसवायचं आणि एकेकीला विचारायचं : त्या रात्री काय ऐकलंस, उजाडल्यावर आधी काय दिसलं? मन मोकळं केलं की माणूस हलका होतो, हे तर आपल्या घराघरांत म्हणतात. आम्हाला त्यासाठी एक भारदस्त नावही मिळालं होतं, डिब्रीफिंग. जेफ्री मिचेल या अमेरिकी माणसानं १९८३मध्ये ती पद्धत मांडली होती, तीही अग्निशमन दल, रुग्णवाहिका अशा ठिकाणी काम करणाऱ्यांसाठी. आम्ही ती लेकरं गमावलेल्या बायकांवर चालवली.

त्या रडायच्या. निघताना माझा हात धरून ‘बरं वाटलं बाई’ म्हणायच्या. मी ते वहीत टिपून ठेवायचे. एक जण मात्र दुसऱ्या दिवसापासून आलीच नाही. तिची शेजारीण म्हणाली, “रातच्याला पुन्हा दिसू लालंय तिला.” ते मी वहीत लिहिलं नाही. का लिहिलं नाही, याचा विचार मी पुढे अनेक वर्षं केला.

१९९७मध्ये कार्डिफच्या डॉक्टरांचा एक अभ्यास छापून आला. भाजलेले १३३ रुग्ण. काहींना डिब्रीफिंगची एक बैठक, बाकीच्यांना तसलं काहीच नाही. कोणाला काय मिळेल ते नशिबावर सोडलेलं. तेरा महिन्यांनी पाहिलं तर बोलतं केलेल्यांपैकी २६ टक्क्यांना पीटीएसडी, म्हणजे आघाताची आठवण पुन्हा पुन्हा छळत राहण्याचा मनाचा आजार, होता, न केलेल्यांपैकी ९ टक्क्यांना. बोलतं केलेल्यांच्या जखमा मुळातच जास्त गंभीर होत्या, त्यामुळे या एका अभ्यासावर फार विसंबू नये. पण पुढे असे बरेच प्रयोग एकत्र तपासले गेले आणि एकूणात फायदा दिसेना. २०१३मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही सांगितलं, आघातानंतर लगेच अशी एक बैठक घेऊ नका. अन्न, निवारा, हरवलेल्या माणसांचा ठावठिकाणा यात मदत करा, कोणी आपणहून बोललं तर ऐका, खोदून विचारू नका. किल्लारीत आमच्यातले जे फक्त चहा करत होते आणि याद्या लिहीत होते, ते आमच्यापेक्षा शहाणे ठरले.

मग ‘बरं वाटलं’ हे खोटं होतं का? अजिबात नाही.

१९९२मधला एक जुना अमेरिकी अभ्यास आहे. बलात्कार झालेल्या बायकांची आठवड्यागणिक विचारपूस केली. पहिल्या दोनेक आठवड्यांत शंभरातल्या ९४ जणींत पीटीएसडीची लक्षणं होती. तीन महिन्यांनी ४७ जणींत. म्हणजे जवळजवळ निम्म्या जणी उपचाराशिवाय सावरल्या. आता कल्पना कर, त्या तीन महिन्यांत मधेच कोणी येऊन त्यांच्या कानाशी घंटा वाजवली असती. निम्म्या जणींनी शपथेवर सांगितलं असतं की घंटेनं गुण आला. त्यातून माणूस शिबिराला जातो तो अगदी असह्य झाल्यावरच; त्या टोकावरून थोडं खाली येणं तर ओघानंच होतं.

आणि नुसती काळजी घेतली गेली, याचाही गुण येतो. डोक्याला मार लागून त्रास उरलेल्या ७२ अमेरिकी सैनिकांवरचा प्रयोग २०१५मध्ये छापून आला. काहींना दाबाखालच्या ऑक्सिजनच्या कोठडीत बसवलं, काहींना तशाच कोठडीत जेमतेम दाब देऊन साधी हवा दिली, काहींना नेहमीचेच उपचार. चाळीस बैठका. कोठडीतले दोन्ही गट सुधारले, आणि सारखेच सुधारले! तरी असे ऑक्सिजनचे तास विकणारी दुकानं आजही जोरात आहेत.

पण म्हणून विचित्र दिसेल त्याला हसत सुटू नकोस. डोळे डावी-उजवीकडे फिरवत आठवणीवर काम करायची ईएमडीआर पद्धत फ्रान्सिन शापिरोंना १९८७मध्ये बागेत चालताना सुचली. ऐकून मला ते थोतांडच वाटलं होतं. मात्र ती तपासायला दिली गेली, टिकली, आणि आज मान्य उपचारांत आहे. डोळे फिरवण्यानंच फरक पडतो का, यावर अजून वाद आहे. असू दे. तपासू दिलं, हे महत्त्वाचं.

तेव्हा शिबिरवाल्यांना त्यांचं यश विचारू नकोस, ते तोंडपाठ असतं. किती जणींना काहीच फरक पडला नाही आणि त्यांचं पुढे काय झालं, ते विचार. मी हा प्रश्न अनेकांना विचारलाय. बहुतेकदा उत्तर मिळतं, ‘त्यांचीच सोडून द्यायची तयारी नव्हती.’ मला खरा संताप येतो तो इथे. आधी जिच्यावर अत्याचार झाला तिलाच दोष, आता बरी झाली नाही म्हणून पुन्हा तिलाच, आणि वर १८ हजार.

विश्वस्तांना सांग, पाच जणींचे ९० हजार होतात. तेवढ्यात आघातावरच्या उपचारांचं रीतसर शिक्षण घेतलेली मानसतज्ज्ञ महिन्यातून दोनदा अशी काही महिने तरी येऊ शकेल, जाण्यायेण्याच्या खर्चासकट. ज्या आपोआप सावरत नाहीत त्यांना तिची गरज आहे. सिव्हिलच्या मानसोपचार विभागातही केसपेपर काढून ठेव, तिथं रांग असते पण फसवणूक नसते.

राहिली ती जाऊन आलेली. तिला ‘फसलीस’ म्हणू नकोस. झोप तिची आहे, ती लागू दे. फक्त ते बारीक अक्षरांतलं वाक्य तिनंही वाचलं असणार. आज संध्याकाळीच तिच्याजवळ बस आणि गोळ्या चालू आहेत की शिबिरात टाकून आली, एवढं विचार. टाकल्या असतील तर रागावू नकोस, उद्या सकाळी तिच्या डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि मला कळव.

तुझी,
ताई