बामावरून नाकाची परीक्षा नको

नौदलात असताना वीस वर्षं इंजिनरूममध्ये डिझेल, रंग आणि थिनरच्या वासात काढली. आता बांगड्याच्या हुमणात तिरफळ आहे की नाही ते वासावरून सांगता येत नाही. बाम मात्र झोंबतो. म्हणजे नाक ठीकच ना? (वास्को)

बामावर विसंबू नका. बाम आणि अमोनिया झोंबतात ते ट्रायजेमिनल नावाच्या वेगळ्या नसेमुळे. तिरफळाचा जिभेवरचा चुणचुणाटही तुम्हाला जाणवत असेल, हरवलाय तो वास. वासाच्या चेतापेशी नाकाच्या छताशी थेट हवेच्या संपर्कात असतात, म्हणून सॉल्व्हंट किंवा कॅडमियमच्या धुराचा मार त्यांना लवकर बसतो. त्या पुन्हा उगवतात, पण सततच्या माऱ्यापुढे आणि वयापुढे त्यांचंही फार चालत नाही. डोळे मिटून, एकेक नाकपुडी दाबून कॉफीची पूड हुंगून पाहा आणि काननाकघसा तज्ज्ञांना दाखवा.

वासाच्या चाचणीवरून विषारी संपर्क सिद्ध होतो का? पेन्शनच्या अर्जासाठी विचारतो. (माजी सैनिक, डिचोली)

एकट्या चाचणीनं नाही. 1991 च्या आखाती युद्धातले अमेरिकन सैनिक घ्या. कुवेतच्या सहाशेहून अधिक जळत्या तेलविहिरींचा धूर, कीटकनाशकं, विषारी वायूपासून बचावाच्या गोळ्या, शिवाय इराकमध्ये खमिसियाला उडवून दिलेली सारीन या विषारी वायूची रॉकेटं. यातलं नेमकं कशानं काय झालं, हे नाक सांगत नाही. कोविड, नाकातले मस्से, डोक्याला मार, पार्किन्सनची सुरुवात, यांतही वास जातो.

चाचणी मात्र हुशार आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या पुस्तिकेत खरवडून हुंगायचे 40 वास, प्रत्येकाला चार पर्याय. वास अजिबात न येणाराही अंदाजानं दहाच्या आसपास बरोबर देतो. दोन-तीनच बरोबर आले तर माणूस मुद्दाम चुकतोय, असा संशय येतो! तक्रार एवढीच की त्यात रूट बीअर हे अमेरिकन शीतपेय आहे, आणि गोव्यातल्या साखळी गावच्या माणसानं ते कुठून ओळखावं?

गेलेला वास परत येतो का? (पेडणे)

काहींचा येतो. गुलाब, लिंबू, लवंग, निलगिरी रोज सकाळ-संध्याकाळ, निदान तीन महिने, लक्ष देऊन हुंगा.

आजोबांना गॅसचा वास येत नाही. भीती वाटते. (फोंडा)

भीती रास्त आहे. सिलिंडरच्या गॅसला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून मर्केप्टन मिसळतात, आणि तोच आजोबांना येत नाही. गळती ओळखणारा अलार्म बसवा, जमिनीजवळ. हा गॅस हवेपेक्षा जड, खालीच साचतो.