अमेरिका युद्धात नसताना 1941 साली तिचे लष्करी वैमानिक चीनच्या बाजूने लढायला गेले कसे? त्यांना रीतसर सोडलं होतं का?

हो, रीतसर सोडलं होतं. पळून कोणी गेलं नाही. पण तुमच्या प्रश्नातला ‘सोडलं’ हा शब्द मला थोडा उलगडून सांगावासा वाटतो. मी अनेक वर्षं सैनिकांच्या सेवानोंदी ठेवण्याचं काम केलं आहे. माणूस एका जागेवरून मोकळा झाला आणि दुसरीकडे रुजू झाला, या दोन तारखांच्या मध्ये काय लिहायचं, यावर त्याची ज्येष्ठता आणि पेन्शन अवलंबून असते. म्हणून ‘फ्लाइंग टायगर्स’बद्दल, म्हणजे चीनला गेलेल्या याच वैमानिकांच्या गटाबद्दल, वाचताना माझं लक्ष विमानांच्या झुंजींपेक्षा त्या कोऱ्या रकान्याकडे जातं.

जपानशी चीनचं युद्ध 1937 पासून चालू होतं आणि चीनचं हवाई दल जवळजवळ संपलं होतं. त्याच वर्षी अमेरिकी लष्कराच्या हवाई शाखेतून निवृत्त झालेले क्लेअर शेनॉल्ट चीनचे सल्लागार झाले. 1940 च्या शेवटी ते आणि चीन सरकारचे प्रतिनिधी टी. व्ही. सूंग वॉशिंग्टनमध्ये विमानं आणि माणसं मागत फिरत होते. विमानांचा प्रश्न त्यातल्या त्यात सोपा निघाला. ब्रिटनच्या वाट्याची शंभर पी-40 लढाऊ विमानं चीनकडे वळवली गेली, ब्रिटनला पुढे नव्या प्रकारची मिळणार होती.

माणसं मिळवणं अवघड होतं. लष्कराच्या हवाई शाखेचे प्रमुख हॅप आर्नल्ड आणि नौदलाच्या विमान विभागाचे प्रमुख जॉन टॉवर्स, दोघांचाही विरोध होता. मला तो विरोध अगदी रास्त वाटतो. दोन्ही दलं तेव्हा झपाट्यानं वाढत होती, नव्या पोरांना शिकवायला तयार वैमानिकच हवे होते. एक अनुभवी माणूस गेला की त्याच्या हाताखाली घडणारे दहा जण मागे पडतात, हे कुठलाही स्क्वॉड्रन कमांडर सांगेल. शेवटी राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्या संमतीनं वाट मोकळी झाली. पण जाहीर आदेश निघाला नाही. भरती करणारे लोक नौदल मंत्री फ्रँक नॉक्स यांच्यासारख्या वरिष्ठांची परवानगी घेऊन तळातळांवर पोचायचे आणि इच्छुक वैमानिकांशी बोलायचे.

आता मुख्य मुद्दा. ही बदली नव्हती आणि प्रतिनियुक्तीही नव्हती. वैमानिकानं आपल्या दलाचा राजीनामा द्यायचा, तो मंजूर व्हायचा आणि मग त्यानं कॅम्को नावाच्या खासगी विमान कंपनीशी एक वर्षाचा करार करायचा. करारात लढाईचा उल्लेख नव्हता, विमानं बनवणं, दुरुस्त करणं, चालवणं अशी भाषा होती. असं करण्याला कारण होतं. अमेरिका तटस्थ होती आणि परक्या सैन्याची शपथ घेतली असती तर नागरिकत्वच धोक्यात आलं असतं. साध्या वैमानिकाला महिना 600 डॉलर, फ्लाइट लीडरला 675, स्क्वॉड्रन लीडरला 750. बहुतेकांच्या आधीच्या पगाराच्या दुपटीहून जास्त. शिवाय पाडलेल्या प्रत्येक विमानामागे 500 डॉलर, पण हे करारात लिहिलेलं नव्हतं, शब्दावर होतं.

परत आल्यावर दलात घेऊ, ज्येष्ठता बुडणार नाही, हेही त्यांना सांगण्यात आलं होतं. जाताना हा शब्द पुरेसा वाटला असणार.

सुमारे शंभर वैमानिक गेले. त्यातले साठेक नौदल आणि मरीन कोअरचे, बाकीचे लष्कराचे. सगळे पैशासाठी गेले असं म्हणणारे भेटतात, मला ते पटत नाही. बर्ट क्रिस्टमनचं उदाहरण घ्या. हा मुळात वृत्तपत्रातल्या चित्रमालिका काढणारा माणूस, नंतर नौदलाचा वैमानिक झाला. ‘रेंजर’ या विमानवाहू जहाजावरचे त्याचे सोबती टेक्स हिल आणि एड रेक्टर हेही त्याच्याबरोबरच निघाले. पैसा हवा असता तर क्रिस्टमनला चित्रं काढता आली असती. 23 जानेवारी 1942 ला तो रंगूनच्या लढाईत मारला गेला.

ब्रह्मदेशातल्या टाउन्गूला त्यांचं प्रशिक्षण झालं. कितीतरी जणांनी तोवर लढाऊ विमान चालवलंच नव्हतं, बॉम्बर किंवा समुद्रावर गस्त घालणाऱ्या मोठ्या विमानांवर त्यांचा हात बसलेला. सरावातच तीन वैमानिक गेले. पहिली खरी झुंज 20 डिसेंबर 1941 ला कुनमिंगवर झाली. तोवर पर्ल हार्बरवर जपानचा हल्ला होऊन गेला होता. म्हणजे तटस्थ देशाचे राजीनामा दिलेले नागरिक म्हणून निघालेली ही माणसं पहिली गोळी झाडेपर्यंत त्यांचा देश स्वतःच युद्धात होता, आणि ती मात्र अजून कुठल्याच अमेरिकी दलात नव्हती.

1942 च्या उन्हाळ्यात लष्करानं त्यांना परत सामावून घ्यायचं ठरवलं, आणि ज्या रीतीनं हे केलं ती मला आजही लागते. क्लेटन बिसेल या अधिकाऱ्यानं त्यांना ऐकवलं की इथे भरती झाला नाहीत तर घरी पोचल्यावर सक्तीची भरती वाट पाहत असेल. यातले बरेच जण नौदलाचे आणि मरीन, त्यांना आपापल्या दलात परतायचं होतं. कित्येक महिने लढून थकलेल्यांना एकदा घरी जाऊन यायचं होतं. 4 जुलै 1942 ला गट बरखास्त झाला तेव्हा तिथल्या तिथे लष्करात जाणारे वैमानिक निघाले फक्त पाच. हिल आणि रेक्टर त्यांतलेच.

इतरांना युद्ध नको होतं असा अर्थ मात्र काढू नका. जेम्स हॉवर्ड पुढे लष्करातर्फे युरोपात लढला, ग्रेग बॉइंग्टन मरीनमध्ये परतला. दोघांनाही मेडल ऑफ ऑनर हा अमेरिकेचा सर्वोच्च लष्करी सन्मान मिळाला. पण चीनमधलं ते वर्ष सक्रिय लष्करी सेवा म्हणून मोजलं जायला 1991 साल उजाडलं. वैमानिकांना डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे हवाई कामगिरीचं पदक मिळालं ते 1996 मध्ये. बरेच जण तोवर हयात नव्हते.

गट बरखास्त झाल्यावर नवे वैमानिक रुळेपर्यंत आणखी दोन आठवडे थांबाल का, असं शेनॉल्टनी विचारलं होतं. जे थांबले त्यांत जॉन पेटॅक होता. त्याच फेब्रुवारीत गटातल्या परिचारिकेशी, एमा फॉस्टरशी त्याचं लग्न झालं होतं. 10 जुलैला तो मोहिमेवर गेला आणि विमानासकट कोसळला. नौदलाच्या यादीतून त्याचं नाव आदल्या वर्षीच निघालं होतं आणि लष्कराच्या यादीत ते अजून चढलेलं नव्हतं.