वीस चित्रांची ऑर्डर

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद. कॉलेज रोडवरच्या कॅफेने तुझ्याकडे गोदाघाटाची २० चित्रं मागितली, आता नोकरी सोडून हेच करू का, असं तू विचारलंस. माझं ऐकशील तर सोडू नकोस.

मी यातून गेलोय. तिशीत असताना एका हॉटेलसाठी गोदाकाठच्या नारोशंकराच्या देवळाची ३० जलरंगचित्रं कबूल केली होती. सगळी एकसारखी, दर खोलीत एक. पहिली चार-पाच रंगवताना जीव रमला. त्या काळ्या दगडाचा करडा मी ट्यूबमधून घ्यायचो नाही; अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना ओल्या कागदावरच एकमेकांत सोडायचो. कधी निळा वरचढ व्हायचा, कधी तांबूस. दगड दर वेळी निराळा दिसायचा. हॉटेलवाल्यांना मात्र दर वेळी तोच दगड हवा होता. मग वाटीत रंग कालवून ठेवला आणि भराभर हात मारत सुटलो. सव्विसाव्या चित्रात देवळाची घंटा काढायचीच राहिली. वसईच्या विजयाची ती घंटा, गोदेला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते कळायला अख्खं नाशिक जिच्याकडे बघतं, ती! चित्र भिंतीवर लागल्यावर महिन्याने माझ्या लक्षात आलं. हॉटेलवाल्यांच्या तर कधीच नाही. पुढे दोन वर्षं मी ब्रश हातात धरला नाही.

चित्रांवर पोट भरणाऱ्यांबद्दल मला मनापासून आदर आहे. गिऱ्हाइकाचं ऐकूनही हात जिवंत ठेवायचा, ही मोठी साधना आहे. पण तुझी ओढ तिकडे नाही. तू मला हौसेने दाखवतेस ती फसलेली चित्रं, भुरभुर आली आणि आभाळ नदीत ओघळलं, तसली. जलरंगात उजेड म्हणजे कोरा राखलेला कागद. एकदा झाकला की गेला. म्हणून कागद वाया जाणारच. पगार बँकेत जमा होतो, म्हणून तू ते खुशाल वाया घालवतेस. घराचा हप्ता त्याच कागदावर आला, की हात आखडतो.

कॅफेला एक चित्र दे, हवं तर कागद-रंगाचे पैसे घे. बाकीच्या १९ ना सरळ नाही म्हण.

आणि बुधवारी रजा मिळाली तर बाजार भरायच्या आत, सकाळी सातला, नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीपाशी ये. पूर नुकताच ओसरलाय. कमरेखालचा शेंदूर ओला, गडद, वरचा कोरडा. त्या दोन्हींमधली रेघ मला अजून पकडता आलेली नाही. दोघं मिळून बघू. कागद जास्तीचे आण.

तुझा,
काका