वाचकांचे प्रश्न: खडपात अडकलेले पैसे

प्रश्न : मी रत्नागिरीत राहतो आणि सुटीच्या दिवशी किनाऱ्यावरच्या खडपांवरून रॉड-रीलने गरवतो. गेल्या सहा महिन्यांत चौदा ल्यूर (हुक लावलेली कृत्रिम आमिषे) विकत घेतले. प्रत्येकी चारशे रुपये धरले, तरी ५,६०० रुपये झाले. त्यांतले अकरा खडपात गेले आणि उरलेल्या तिघांचे हुक गंजले आहेत. यापुढे स्वस्तातले ल्यूर घ्यावेत काय?

उत्तर : आपला खर्च कुठे होतो आहे, हे आपल्या आकड्यांवरूनच कळते. अकरा ल्यूर दगडाने नेले आणि तीन मिठाने खाल्ले. ल्यूर दोनशेचा असला तरी तो त्याच कपारीत अडकेल, म्हणून आधी हरवण्याचे प्रमाण कमी करावे आणि किमतीचा विचार त्यानंतर करावा, असे मला वाटते. मी स्वतः एकदा अगदी स्वस्तातले डझनभर ल्यूर एकदम घेतले होते. पहिल्याच मोठ्या तांबोशीने हिसका दिला, तेव्हा त्यातल्या एकाची हुक अडकवायची कडी उलगडली आणि मासा हुकासकट गेला. मागे आलेल्या रिकाम्या ल्यूरकडे मी बराच वेळ पाहत उभा होतो. स्वस्त ल्यूर घ्यायचाच असेल, तर कड्या आणि हुक लगेच बदलावेत. प्लॅस्टिकचे अंग बहुधा चांगले असते, खोट असते ती लोखंडात.

आता खडपाविषयी. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास मोठी ओहोटी लागते, त्या दिवशी रॉड घरी ठेवून नुसते पाहायला जावे. एरवी पाण्याखाली असणारी कपार, कालवांनी भरलेला दगड आणि दोन दगडांमधली वाळूची वाट त्या वेळी उघडी पडते. कुठे फेकायचे आणि कुठे मुळीच फेकायचे नाही, हे एका फेरीत पाठ होते. शिवाय इतरांचे अडकलेले ल्यूरही हाती लागतात. मला असे अनेक मिळाले आहेत, आणि गंजलेले हुक काढून नवे बसवल्यावर त्यांतले बहुतेक पुन्हा मासे धरू लागले. मात्र पायांत घट्ट पकडीचे बूट असावेत, सोबत कोणीतरी असावे आणि पाणी वळायच्या आत बाहेर यावे.

ल्यूरच्या पोटाखालचा तीन तोंडांचा हुक हा अडकण्याचे मुख्य कारण असतो. तो काढून टाकून फक्त शेपटीकडे एकच मोठा हुक ठेवला, तर अडकणे पुष्कळ कमी होते. हुकाच्या वजनावर ल्यूरची चाल अवलंबून असल्याने, बदल केल्यावर उथळ पाण्यात ओढून तो नीट डुलतो की नाही, हे आधी पाहावे. दुसरा उपाय म्हणजे दोरीच्या मानाने हुक थोडा मऊ ठेवणे. अडकला की जोर लावताच हुक सरळ होतो आणि ल्यूर परत येतो. मोठ्या माशापुढे हा हुक टिकणार नाही, हे मात्र मान्य करूनच तो वापरावा.

अडकल्यावर मागे झटके देत राहिल्यास हुक अधिकच रुततो. त्याऐवजी दोरी सैल सोडावी, खडपावरून दहा-वीस पावले बाजूला जावे आणि दुसऱ्या दिशेने हलके हिसके द्यावेत. तरीही न सुटल्यास दोरी एका जाड काठीला गुंडाळून सरळ मागे ओढावी. ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) दोरी हाताला कधीही गुंडाळू नये, ती तळवा कापते. लीडर, म्हणजे मुख्य दोरी आणि ल्यूर यांच्यामधला तंगूसचा (नायलॉनच्या दोरीचा) तुकडा, मुख्य दोरीपेक्षा कमी ताकदीचा असावा, म्हणजे तुटलेच तर शेवटचे हातभर तंगूस तुटते आणि महागडी दोरी शाबूत राहते.

दोरीतही बचत होते. रीलच्या चकतीवर तळाशी साधे स्वस्त तंगूस भरावे आणि वर १५० मीटर ब्रेडेड दोरी घ्यावी. तळातल्या तंगूसमुळे ती चकतीवर घसरतही नाही. पुढे वरचे टोक झिजले की सगळी दोरी उलटी भरावी, म्हणजे आत दडलेला कोरा भाग वापरात येतो.

गंजाचा उपाय म्हणजे बादलीभर गोडे पाणी. घरी आल्यावर त्या दिवशी वापरलेले ल्यूर त्यात बुडवून ठेवावेत आणि सावलीत पूर्ण वाळल्यावरच डब्यात ठेवावेत. ओला ल्यूर एकच असला तरी शेजारच्यांच्या पोटावर तांबूस डाग उमटवतो. रील धुताना नळाची जोरदार धार मारू नये, कारण त्याने मीठ आत ढकलले जाते. ड्रॅग (मासा ओढतो तेव्हा दोरी किती सहज सुटावी हे ठरवणारा रीलचा ब्रेक) घट्ट करून वरून हलके पाणी घालावे, पुसावे आणि ठेवताना ड्रॅग सैल करावा. रबरी ल्यूर कडक प्लॅस्टिकच्या ल्यूरांसोबत ठेवू नयेत, त्यांच्यातल्या द्रव्याने दुसऱ्याचा रंग वितळून चिकट होतो. त्यांची फाटलेली शेपटी तापवलेल्या सुरीने चिकटवता येते.

रंगांचा संग्रहही थांबवावा. एक चंदेरी, एक गढूळ पाण्यासाठी भडक आणि एक गडद, एवढे पुरे. ल्यूर किती खोल चालतो आणि आपण तो किती वेगाने ओढतो, याने अधिक फरक पडतो. फिनलंडच्या लाउरी रापाला या मच्छीमाराने १९३६ मध्ये आपला पहिला ल्यूर बुचाच्या लाकडातून कोरला आणि त्याला चॉकलेटची चांदी गुंडाळली होती. त्याचे सगळे लक्ष चालीवर होते. हाताने करून पाहायचे असेल तर बुचापासून सुरुवात करावी. शिसे मात्र घरात वितळवू नये, त्याचा धूर विषारी असतो आणि लहान मुलांना विशेष घातक. वजनासाठी गॅरेजमधला जुना नट चालतो.

प्रश्न : आम्ही इंदापूरजवळ उजनीच्या काठी राहतो. बारा वर्षांच्या मुलीला मासे धरण्याची हौस लागली आहे. कमीत कमी किती साहित्य घ्यावे?

उत्तर : रील आत्ता घेऊ नये. सरळ, हलक्या बांबूला तितक्याच लांबीचे तंगूस बांधावे, त्याला लहान गरी, छोटे वजन आणि थर्माकोलचा फ्लोट लावावा. आमिषाला गांडूळ किंवा घट्ट मळलेली कणीक पुरते. चिलापी दोन्ही घेते. गरीचे पाकीट मात्र चांगले घ्यावे, बोथट गरीने मासा सुटत राहिला तर मूल कंटाळते. धरणातल्या मासेमारीचे हक्क ठेक्याने दिलेले असतात, तेव्हा आधी तिथल्या ठेकेदाराला किंवा मच्छीमार संस्थेला विचारून घ्यावे, आणि मुलीला काठावर एकटी सोडू नये.