पूर्णेच्या दरडीतली पांढरी राख कुठली?

प्रश्न : आमचं वावर पूर्णेच्या काठाला आहे. पुरानं दरड खचली तेव्हा मातीत हातभर जाडीचा पांढुरका पट्टा उघडा पडला. चिमटीत पिठासारखा मऊ लागतो, पण दातांत करकरतो. माय म्हणते, पूर्वी बाया यानं पितळेची भांडी घासत. कोणी म्हणतं ज्वालामुखीची राख आहे. मग ती आपल्या काळ्या दगडाच्याच ज्वालामुखीची का?
– एक शेतकरी, अकोला जिल्हा

उत्तर : दादा, दातांत करकरतो हे लिहिलंत ते फार बरं केलं. खारपाणपट्ट्यात पांढरं दिसलं की आधी चुनखडीचा संशय घ्यावा. चिमूटभर मातीवर लिंबू पिळा. फसफसली तर चुनखडी. नाही फसफसली तर भिंगाखाली धरा. राख असेल तर फुटक्या बांगडीसारखे वाकडे, आरपार दिसणारे काचेचे बारीक तुकडे चमकतील. शिलारसातले वायूचे बुडबुडे फुटले की त्यांच्या भिंतींचे असे तुकडे होतात.

काळ्या दगडाशी मात्र हिचं नातं नाही. आपला बेसॉल्ट सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, त्यात सिलिका (वाळू-काचेतला मुख्य घटक) निम्म्याच्या आसपास. पूर्णेच्या खोऱ्यात अभ्यासकांना मिळालेल्या राखेच्या काचेत ती तीन चतुर्थांशांहून जास्त. ती राख सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीची, सुमारे तीन हजार किलोमीटरवरून आलेली.

खरा पेच पुढेच आहे, कारण टोबाचे मोठे उद्रेक एकाहून अधिक झाले: सुमारे ८ लाख, ५ लाख आणि ७४ हजार वर्षांपूर्वी. त्यांची काच इतकी मिळतीजुळती, की नुसत्या काचेवरून उद्रेक ठरवणं अवघड जातं. इथं राखेतलं कृष्णाभ्रक, म्हणजे काळं अभ्रक, कामी येतं. त्याचे पातळ पापुद्रे हवेत सावकाश खाली येतात, म्हणून जड कण वाटेत पडले तरी ते लांबवर पोचतात. एकेका पापुद्र्यावर इलेक्ट्रॉनचा झोत टाकून लोह आणि मॅग्नेशियमचं गुणोत्तर मोजतात, त्यावरून उद्रेक ओळखता येतो. राखेतल्या झिर्कॉन नावाच्या बारीक स्फटिकात युरेनियमचं किती शिसं झालं, त्यावरूनही वय काढतात, पण तो स्फटिक उद्रेकाच्या कितीतरी आधी शिलारसात तयार झालेला असू शकतो. म्हणून एकट्या झिर्कॉनवर मी तरी विसंबणार नाही.

एवढा आटापिटा कशाला? पुणे जिल्ह्यातल्या बोरीला अशाच राखेजवळ आदिमानवाची दगडी हत्यारं मिळाली. राख ७४ हजार वर्षांची की कित्येक लाख, यावर त्या माणसांचा काळ ठरतो, आणि त्यावरून अभ्यासकांत वर्षानुवर्षं वाद झाले.

तुमचा पट्टा हातभर आहे, तर त्यातली बरीचशी राख पाण्यानं आजूबाजूची वाहून आणलेली असणार. आकाशातून पडलेला थर सहसा काही सेंटिमीटरचाच. त्यामुळे नमुना तळातून, जिथं राख सगळ्यात स्वच्छ आहे तिथून घ्या. आधी वरचा उघडा पापुद्रा खरवडून टाका. ओंजळभर पुरे, बाकी पट्टा तसाच राहू द्या. वर-खाली कुठली माती आहे, पट्टा किती खोल आहे, हे चिठ्ठीवर लिहून पुडीसोबत जवळच्या महाविद्यालयाच्या भूशास्त्र विभागात द्या. आणि दरड ओली असताना तिच्याखाली उभे राहू नका.