विज्ञान आणि कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी अभ्यासासाठी कोणती मोफत ऑनलाइन साधने वापरावीत?

विज्ञानासाठी मी सर्वप्रथम कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या संकेतस्थळाचे नाव घेईन. नोबेल पारितोषिक विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पात संगणकाच्या पडद्यावर आभासी विद्युत परिपथ स्वतः जोडून पाहता येतो. एकसर जोडणीत, म्हणजे एकाच मार्गावर एकापुढे एक, दुसरा दिवा लावताच दोन्ही दिवे मंद होतात आणि इलेक्ट्रॉनांचा वेगही कमी झालेला प्रत्यक्ष दिसतो, जे पुस्तकातील स्थिर आकृतीवरून उमगणे खरोखरच कठीण असते. गणितासाठी खान अकॅडमी चांगली आहे. मात्र तेथील व्हिडिओ मध्येच थांबवून पुढची पायरी आधी स्वतः सोडवावी, असा माझा आग्रह आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्यांनी मूळ साहित्यकृतींसाठी १९७१ पासून चालू असलेले प्रोजेक्ट गुटेनबर्ग, तर जुन्या, दुर्मीळ ग्रंथांसाठी इंटरनेट आर्काइव्ह पाहावे.